रोहिणीचे पाणी, गोदावरीचे पाणी आणि बाबासाहेब

ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी ऑक्टोबर उजाडला की आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, एक जुने भांडण नव्याने पेटते. जायकवाडीत किती टक्के साठा आहे, भंडारदरा, निळवंडे आणि मुळा धरणातून खाली किती पाणी सोडायचे, यावर मोर्चे निघतात, रास्ता रोको होतात, धरणावर पोलीस बंदोबस्त लागतो. २०१५ साली हे झाले, २०१८ साली झाले, २०२३ सालीही झाले. त्या गर्दीत आपल्या वस्तीतली पोरेही असतात. ज्याच्या नावावर गुंठाभर ओलीत नाही, तोही मराठवाड्याला थेंब जाऊ देणार नाही म्हणून घोषणा देतो आणि त्याच्या गळ्यात निळा गमछा असतो.

या पोरांना बाबासाहेब माहीत आहेत ते घटनेचे शिल्पकार म्हणून, कोट घातलेल्या पुतळ्यातले. पण बाबासाहेबांचे सारे आयुष्य पाण्याच्या काठाने गेले आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. ते सांगण्यासाठी आजचा हा लेख.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीमा दहा वर्षांच्या आतबाहेरचा असतानाची गोष्ट. वडील रामजी सुभेदार सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे खजिनदार होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला घेतला होता. १९०१ च्या उन्हाळ्यात भीमा, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुले वडिलांना भेटायला आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. तेथून पुढे बैलगाडी. जात कळताच गाडीवान बसवून घेईना. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून मुले निघाली. सोबत खायला होते, प्यायला पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितले, मिळाले नाही. भूक लागलेली मुले अन्न जवळ असून उपाशीपोटी झोपली, कारण पाण्यावाचून घास घशाखाली उतरत नव्हता. बाप सरकारी तलावाच्या मजुरीचा हिशेब लिहितो आहे आणि त्याची लेकरे त्याच तलावाच्या वाटेवर तहानेने व्याकूळ झाली आहेत, असा हा देश होता. पाणी कमी असणे वेगळे आणि पाणी नाकारले जाणे वेगळे, हा धडा बाबासाहेबांना कुठल्या विद्यापीठाने दिलेला नाही. तो त्या रात्रीने दिला.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेज, कोलंबिया, लंडन, ग्रेज इन. अर्थशास्त्रातील त्यांचा एक मोठा अभ्यास ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर आहे. तो १९२५ साली ग्रंथरूपाने आला. मध्यवर्ती सरकारकडे काय असावे आणि प्रांताकडे काय, ही गाठ त्यांनी तरुणपणीच सोडवायला घेतली होती. नदीचा प्रश्न शेवटी याच गाठीत अडकतो, कारण नदी प्रांताची हद्द मानत नाही.

२० मार्च १९२७ चे महाड आपल्याला ठाऊक आहे. रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला, महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले, तरी प्रत्यक्षात तळे बंदच होते. बाबासाहेब हजारोंच्या समुदायासह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतरचा कोर्टातला लढा मात्र आपण विसरतो. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावला. म्हणणे असे की अस्पृश्यांनी येथे पाणी न भरणे ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. दहा वर्षे हा खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी वहिवाट शाबीत झालेली नाही. वकील म्हणून मला या निकालाचे मोल फार वाटते. आजवर आम्हीच वापरत आलो म्हणून पुढेही पाणी आमचेच, हा युक्तिवाद बाबासाहेबांनी त्या दिवशी हरवला. आज धरणाच्या वरच्या अंगाचे लोक हाच युक्तिवाद खालच्या अंगाच्या लोकांपुढे करतात तेव्हा मला महाडची आठवण होते.

डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात हरेगावला आले होते. वतनदार महार, मांग आणि वेठिया यांची परिषद तेथे भरली होती. हरेगाव हे साखर कंपनीचे गाव. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या भागात उसाचे मळे उभे केले. त्याच मळ्यांच्या मुलखात आपला माणूस वतनाच्या नावाखाली वेठ करीत होता. पाणी आले म्हणजे न्याय आला असे होत नाही, हे त्या परिषदेला जमलेल्या प्रत्येकाला अंगावरच्या चिंध्या सांगत होत्या.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. कामगार कायद्यांसाठी हा काळ आपण आठवतो. पण पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडेच होती. पुढच्याच वर्षी, जुलै १९४३ मध्ये, दामोदर नदीला महापूर आला. बर्दवानजवळ बांध फुटला, रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रस्ता वाहून गेला, कलकत्त्याची वाट तुटली. बंगाल त्या वेळी दुष्काळाने मरत होता आणि त्याच्यावर हे पुराचे संकट.

दामोदर ही गोदावरीसारखीच दोन घरची नदी. उगम छोटा नागपूरच्या डोंगरात, म्हणजे तेव्हाच्या बिहारात. पूर मात्र बंगालात. धरणे बांधायची तर जमीन बुडणार बिहारची आणि फायदा मोठा होणार बंगालचा. मग बिहारने धरणाला जागा का द्यावी? आणि बंगालने दरवर्षी किती काळ बांधांवर माती टाकत बसावे? ३ जानेवारी १९४५ रोजी बाबासाहेबांनी कलकत्त्याला केंद्र, बंगाल आणि बिहार यांची परिषद घेतली. ऑगस्टमध्ये पुन्हा घेतली. त्यांची भूमिका सरळ होती. नदीचे खोरे हा एकच देह आहे, त्याचे प्रांतवार तुकडे करून चालणार नाही. एकट्या पूरनियंत्रणासाठी धरण बांधणे हा पैशाचा आणि पाण्याचा नाश आहे. सिंचन, वीज, जलवाहतूक हे सारे एकाच योजनेत आले तर वरच्यालाही मिळेल आणि खालच्यालाही. त्यासाठी अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणासारखी, दोन्ही प्रांतांच्या वर असलेली आणि दोन्ही प्रांतांची असलेली संस्था हवी.

या विचारातून दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ साली झाला आणि त्याच वर्षी जुलैत महामंडळ अस्तित्वात आले. तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. तिलैया, कोनार, मैथन, पंचेत ही धरणे पुढच्या अकरा वर्षांत उभी राहिली. महानदीबाबतही असेच. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला परिषद झाली. ओरिसात आजवरच्या चौकशी समित्या पाण्याला शत्रू समजत आल्या. बाबासाहेबांनी सांगितले की जास्त पाणी ही आपत्ती नाही, ती संपत्ती आहे, ती साठवून लोकांना द्या. त्यातून हिराकुडची वाट मोकळी झाली. नदीविषयक ज्ञान एका ठिकाणी असावे म्हणून १९४५ सालीच केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग नेमला गेला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ तेथे आहे.

आपण आंधळे भक्त नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या धरणांनी फार मोठी किंमत वसूल केली. एकट्या हिराकुडने लाखाहून अधिक माणसे उठवली आणि त्यांतले कितीतरी आदिवासी व दलित योग्य पुनर्वसनावाचून राहिले. दामोदरच्या खोऱ्यातही आदिवासींच्या जमिनी गेल्या. महामंडळातही राज्यांची कुरबूर थांबली नाही. २०२४ च्या पुरात पश्चिम बंगाल सरकारने धरणांतून पाणी सोडण्यावरून महामंडळालाच जबाबदार धरले. संस्था निर्माण केली म्हणजे भांडण संपते असे नाही. पण भांडायला एक टेबल मिळते, आकडे समोर येतात आणि काठ्या बाहेर ठेवाव्या लागतात. हे कमी नाही.

राज्यघटना लिहिताना बाबासाहेबांनी हाच विचार कायद्यात आणला. पाणी हा राज्यांचा विषय राहिला, पण आंतरराज्य नद्यांचे नियमन आणि विकास केंद्रीय सूचीत ५६ व्या नोंदीत आला. १९३५ च्या कायद्यात प्रांताने गव्हर्नर जनरलकडे तक्रार करायची आणि त्याने आयोग नेमायचा, अशी ठरीव पद्धत होती. मसुद्यातही आधी तीच होती. सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी ती बदलून नवे कलम मांडले. नद्यांवर प्रकल्प वाढतील तसे तंटेही वाढतील, तेव्हा आताच हात बांधून घेण्यापेक्षा संसदेला योग्य यंत्रणा उभारण्याची मोकळीक असू द्या, असा त्यांचा दृष्टिकोन होता. तेच आजचे अनुच्छेद २६२. त्याआधारे १९५६ साली आंतरराज्य जलतंटा कायदा झाला. गोदावरीच्या तंट्याचा बच्छावत लवादाचा १९८० चा निवाडा याच कायद्याखालचा. १९५६ सालीच ५६ व्या नोंदीखाली नदी मंडळ कायदाही झाला. तंटा लागण्यापूर्वीच राज्यांनी एकत्र बसून नदीचे नियोजन करावे, हा त्याचा हेतू. त्या कायद्याखाली एकही नदी मंडळ आजवर स्थापन झाले नाही. आपण तंट्याचा कायदा वापरला आणि सहकार्याचा कायदा कपाटात ठेवला.

आता बाबासाहेबांच्या आयुष्यातील शेवटचे पर्व. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा, ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण आणि १९५७ साली त्यांचा बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आजारपणात रात्री जागून लिहिलेल्या या ग्रंथात त्यांनी एक मोठे धाडस केले. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरेतली कथा त्यांच्या बुद्धीला पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे कसे मानावे? त्यांनी गृहत्यागाचे कारण म्हणून एक नदी पुढे केली. रोहिणी.

शाक्य आणि कोलिय ही दोन गणराज्ये. मध्ये रोहिणी. दोघांची शेती तिच्या पाण्यावर. सिद्धार्थ शाक्य संघाचा सभासद होऊन आठ वर्षे झाली असताना पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या चाकरांत मारामारी झाली आणि माणसे जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. त्याने सुचवले की आपण दोन माणसे निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी चौकशी करून तंटा मिटवावा. मतदान झाले आणि सिद्धार्थाची सूचना प्रचंड बहुमताने पडली. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला, सिद्धार्थाने सैन्यात जायला नकार दिला. सेनापतीने धमकी दिली, कुटुंबावर बहिष्कार टाकू, जमिनी जप्त करू. घरच्यांना ही शिक्षा होऊ नये म्हणून सिद्धार्थाने स्वतः परिव्रज्या पत्करली आणि देश सोडला. पुढे राजगृहात भेटलेल्या परिव्राजकांकडून त्याला बातमी कळली की युद्ध टळले. शाक्यांनी पाच प्रतिनिधी निवडले, कोलियांनी पाच निवडले आणि रोहिणीच्या पाण्याचे सर्व तंटे सोडवण्यासाठी त्यांनी एक कायम लवाद मंडळ स्थापन केले, ज्याचा निर्णय दोन्ही बाजूंवर बंधनकारक राहील.

मित्रहो, दामोदरचा इतिहास वाचून झाल्यावर हा भाग पुन्हा वाचा. कलकत्त्याच्या परिषदेत दोन प्रांतांना एका टेबलावर बसवणारा मंत्री दहा-अकरा वर्षांनी लिहितो आहे आणि बुद्धाच्या हाती तो तलवार देत नाही, संन्याशाची कफनीही आधी देत नाही. आधी देतो एक समिती. दोन तुमचे, दोन आमचे, पाचवा सर्वांचा. माझ्या मते मंत्री म्हणून केलेले काम आणि बौद्ध म्हणून केलेले चिंतन येथे एक होतात.

जगाने हीच वाट अनेकदा धरली. आफ्रिकेत सेनेगल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२ साली संयुक्त संस्था काढली. मनंतालीचे धरण कोणा एका देशाचे नाही, ते सामाईक मालकीचे आहे. भारत आणि पाकिस्तान यांनी १९६० साली सिंधू जलकरार केला आणि दोन्ही देशांच्या आयुक्तांचा कायम आयोग नेमला. १९६५, १९७१ आणि १९९९ च्या युद्धांतही तो करार टिकला. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ निरपराध माणसे मारली गेली आणि दुसऱ्या दिवशी भारताने करार स्थगित ठेवला. दहशतवाद्यांना क्षमा असू शकत नाही, याबद्दल दुमत नाही. पण पाण्याचे टेबल मोडणे सोपे आणि पुन्हा मांडणे कठीण असते, हे बुद्धाच्या अनुयायाने म्हणायला कचरू नये. बांगलादेशाबरोबरचा गंगा पाणीवाटप करार १२ डिसेंबर १९९६ चा, तीस वर्षांच्या मुदतीचा. खुद्द रोहिणीही आज नेपाळात उगम पावते, सरहद्द ओलांडून उत्तर प्रदेशात येते आणि गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. अडीच हजार वर्षांनंतरही ती दोन राज्यांमधलीच नदी आहे.

आता आपल्या गोदावरीकडे या. स्वातंत्र्यापूर्वी नेवासे आणि शेवगावच्या अंगाने वाहणारी गोदावरी ही खरोखरीची सरहद्द होती. अलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा, पलीकडे निजामाचे राज्य. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९७६ साली पैठणच्या नाथसागराचे उद्घाटन झाले. नकाशावरची सरहद्द गेली, पण मनातली गेली नाही. पलीकडे कोण आहे? छत्रपती संभाजीनगर शहर जायकवाडीचे पाणी पिते. बाबासाहेबांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे नागसेनवन त्याच शहरात आहे. नामांतरासाठी रक्त सांडलेली माणसे त्याच मराठवाड्यातली. आपल्या किती लेकी पैठण आणि गंगापूरला दिल्या आहेत, याचा हिशेब शेवगावच्या कोणत्याही वस्तीत जाऊन विचारा. त्यांच्या हंड्यात जाणारे पाणी अडवण्यासाठी आपण घोषणा द्यायच्या?

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. हा तंटा एकाच राज्यातला, म्हणून अनुच्छेद २६२ येथे लागत नाही. येथे लागतो २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा. त्याच्या कलम १२(६)(ग) चा अर्थ असा की टंचाई आली तर तिचा बोजा खोऱ्यातील सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यायचा. मेंढेगिरी समितीचा अहवाल २०१३ साली आला, २०१४ साली प्राधिकरणाने आदेश दिला की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. टक्केवारी किती असावी यावर वाद जरूर घाला. नगरच्या शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे, नदीतून सोडलेले पाणी वाटेत जिरते हेही खरे आहे. पण तत्त्वावर वाद घालणारा माणूस महाडच्या दाव्यातील वादींच्या बाकावर जाऊन बसतो, हे त्याने ओळखावे.

उणीव आहे ती वेगळीच. आपल्याकडे आदेश आहे, सूत्र आहे, पण रोहिणीसारखे कायम मंडळ नाही. नाशिक, नगर आणि मराठवाडा यांचे समान प्रतिनिधी असलेले, जून-जुलैतच बसणारे, प्रत्येक धरणाचा साठा आणि प्रत्येक आवर्तनाचा हिशेब गावाच्या चावडीवर लावणारे मंडळ हवे. भांडण ऑक्टोबरमध्ये होते, कारण बोलणे त्याआधी होत नाही.

आणि त्या मंडळात पाचवा माणूस कोण, हा आपला प्रश्न आहे. रोहिणीच्या काठी डोकी फुटली ती चाकरांची. संघात मत मात्र मालकांचे होते. आजही मोर्चात पुढे उसतोडीवर जाणारा पोरगा असतो आणि चारीच्या पाण्याचा निर्णय ज्याच्याकडे सातबारा आहे तो घेतो. पाणी वापर संस्थेत लाभक्षेत्रातील जमीनधारकच सभासद. भूमिहीन शेतमजूर, पाणी भरणारी बाई, भंडारदरा आणि निळवंडे यांच्यासाठी जमीन दिलेला अकोल्याचा आदिवासी, जायकवाडीत गाव गेलेला शेवगाव-नेवाशाचा विस्थापित, यांना खुर्ची नाही. पाचवी खुर्ची त्यांची.

ग्रंथातला सिद्धार्थ शांततेची बातमी ऐकून घरी परत जात नाही. दोन राज्यांचे युद्ध टळले, पण वर्गावर्गांतील संघर्ष तर अखंड चालू आहे. दुःखाचे मूळ तेथे आहे, असा विचार करून तो पुढे चालत राहतो. बाबासाहेबांनी आपल्यासाठी ठेवलेली दोन कामे त्यात आहेत. नदीच्या पलीकडच्या माणसाशी तह करणे हे पहिले. नदीच्या अलीकडे, आपल्याच गावात, वस्तीच्या नळाला आणि मजुराच्या हाताला पाणी मिळवणे हे दुसरे. येत्या ऑक्टोबरमध्ये कोणी तुमच्या हाती झेंडा देऊन धरणाच्या भिंतीवर पाठवू लागला, तर आधी त्याला एवढेच विचारा की मंडळात आमची खुर्ची कुठे आहे.

जयभीम!